नोहाचा करार आणि कन्हानचा पूर

मित्रांनो, नागपूरजवळच्या कन्हान नदीकाठच्या वस्तीत नानाजी नावाचे निवृत्त शिक्षक राहत. त्यांच्या घरातला मी जुना बायबल ग्रंथ. आज माझी पाने फुगली आहेत, निम्मी एकमेकांना चिकटली आहेत आणि अंगाला चिखलाचा वास येतो. तरी माझी गोष्ट ऐका.

चाळीस वर्षांपूर्वी नानाजींनी मला नागपूरहून आणले. जुना करार आणि नवा करार हे माझे दोन भाग. देवाने माणसांना दिलेली वचने माझ्यात आहेत. नानाजींना त्यांतले, जलप्रलयातून वाचलेल्या नोहाला दिलेले वचन सर्वांत प्रिय होते. जलप्रलय ओसरल्यावर देवाने ढगात इंद्रधनुष्य ठेवले आणि पुन्हा पुराने पृथ्वीचा नाश करणार नाही, असा करार केला. रविवारी वस्तीतली मुले जमली की नानाजी तेच पान उघडत. बोटे लागून लागून ते मळले होते, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

नानाजींचा मुलगा सुशील कोळशाच्या खाणीत पाणी उपसण्याच्या पंपावर कामाला होता. घरी त्याची बायको प्रेमिला आणि आठ वर्षांची मिनल.

एका ऑगस्टमध्ये वर डोंगराकडे तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी सकाळी नदी वस्तीत शिरली.

"बाबा, पान्याचं काम मी रोज करतो. हे थांबनार नाही. चाला," सुशील म्हणाला.

"देवानं करार केला हाय गा," नानाजी म्हणाले. "तू या दोघीयले घेऊन जा. मी इथंच बसतो."

सुशीलने बायकोला आणि मुलीला उंचावरच्या शाळेत पोहोचवले आणि तो एकटा परत आला. तोवर घरात छातीएवढे पाणी होते. नानाजी मला कवटाळून टेबलावर उभे होते. आता त्यांनाही निघायचे होते.

शेजारच्या गच्चीवरून लोकांनी दोर सोडला. सुशील बापाला तिथवर घेऊन आला.

"बाबा, ते सोडा. दोन्ही हातानं दोर धरा."

नानाजींनी मला सोडले नाही. एका हाताने त्यांना वर चढता येईना. तेव्हा सुशीलने दोरावरचा स्वतःचा हात काढला आणि दोन्ही हातांनी बापाला खालून ढकलले. लोकांनी नानाजींना ओढून घेतले. तेवढ्यात गल्लीतून लोंढा आला. सुशील पुन्हा दिसला नाही. तिसऱ्या दिवशी तो नदीच्या खालच्या अंगाला बाभळीत अडकलेला सापडला.

नानाजींनी मला गच्चीवर उन्हात ठेवले, पण उघडले नाही. सुशीलच्या मातीनंतर आठव्या दिवशी ते प्रेमिलाला म्हणाले, "वचन मोडलं वं देवानं."

प्रेमिला भांडी घासत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "नोहा घरात बसून नव्हता राहिला, बाबा. त्यानं तारू बांधलं होतं, एवढी मोठी नाव. बायकापोरायले घेऊन त्यात चढला होता. ते काहून नाही वाचलं तुम्ही?"



पुढच्या महिन्यात प्रेमिला मिनलला घेऊन नागपूरला गेली. तिथे एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळाले. जाताना मिनल आजोबांच्या पाया पडली, पण त्यांच्याकडे तिने पाहिले नाही. नानाजींनी मला चर्चच्या कपाटात ठेवून दिले. ते अजून रविवारी येतात. शेवटच्या बाकावर बसतात. मला मागत नाहीत.

मित्रांनो, मला हातपाय नाहीत. त्या दिवशी त्यांच्या हातातून निसटून पडता आले असते, तर मी पडलो असतो. मला जपा, पण माणसापेक्षा जास्त जपू नका. माझ्यातले एखादे वचन आवडले तर त्याच्या आधीचे पानही वाचा. आणि कोणी जीव तोडून 'चला' म्हणत असेल, तर मला तिथेच ठेवा आणि त्याच्याबरोबर निघा.