सोडा, तुरटी आणि सिद्धनाथची मिशी

शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सिद्धनाथने स्विमिंग पुलात धुण्याच्या सोड्याची तिसरी बादली ओतली. काचेच्या नळीतलं पाणी तरीही पिवळंच आलं.

पूल पानशेतजवळ, नूतन मॅडमच्या फार्महाऊसवर आहे. मॅडम पुण्यात असतात. फार्महाऊस सिद्धनाथ सांभाळतो. गावात त्या पुलाला टाकीच म्हणतात. नऊ दिवसांपूर्वी रतनबाईंची म्हैस कुंपणाच्या फटीतून आत आली, पायऱ्यांवरून टाकीत उतरली आणि अडीच तास बाहेर यायला तयार झाली नाही. म्हशीची काही चूक नव्हती, पाणी चांगलं होतं. नंतर मात्र ते ठेवण्यासारखं राहिलं नाही. टाकी उपसली, घासली आणि विहिरीवरची मोटर दोन दिवस चालवून पुन्हा भरली. शनिवारी सकाळी अकराला तिथे पुण्याच्या एका नवरदेवाची हळद होती.

नवं पाणी भरलं म्हणजे काम संपत नाही. नळीत पाणी घ्यायचं आणि बाटलीतल्या औषधाचे पाच थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाणी आंबट, सोडा घालायचा. लालभडक झालं तर सोडा जास्त. मधलं, संत्र्याच्या सालीसारखं आलं की माणसं उतरवायची. एवढं सिद्धनाथला पाठ होतं. थोडा सोडा घालून फिल्टरचा पंप चार तास फिरवायचा आणि मगच तपासायचं, हेही मॅडमनी सांगितलं होतं. ते मात्र त्यांनी शेवटी, गाडीत बसता बसता सांगितलं होतं, त्यामुळे राहून गेलं. शिवाय सकाळी साडेदहापासून लाईट नव्हती, पंप फिरणार कशावर?

आणखी एक अडचण होती, जी सिद्धनाथने कुणाला सांगितली नव्हती. त्याला पोहता येत नाही. सोडा तो खोल बाजूला ओतायचा, कारण गोणी तिकडे होती आणि ओतायला उभं राहिलं तरी चालतं. नळी बुडवायला वाकावं लागतं, म्हणून ती तो उथळ बाजूच्या पायरीवर बुडवायचा. पाणी स्थिर, सोडा तिकडे तळाला आणि नळी इकडे. पिवळं येणार नाही तर काय?

"अवो, पप्पूला फोन करा की," मंगल म्हणाली. ती सिद्धनाथची बायको. पप्पू तिचा धाकटा भाऊ.

"त्याचं नाव काढू नगंस."

"फोन तर करायचाय. पाया पडायला कोण सांगतंय?"

पप्पूचं कापूरहोळला दुकान आहे, तो स्विमिंग पुलांची देखभाल करतो. त्याच्या खिशात पेनासारखं एक यंत्र असतं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. भाऊबीजेला आला तेव्हा त्याने ते आधी टाकीत बुडवलं, मग सगळ्यांदेखत सिद्धनाथच्या चहात, आणि म्हणाला, "दाजी, टाकीपरास तुमचा चहा बरा हाय. पाव्हण्यांना चहात उतरवा." सगळं घर हसलं. मंगलही हसली, ते सिद्धनाथला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी गेनूच्या सलूनमध्ये, गळ्याभोवती टॉवेल असताना, तो चारचौघांत म्हणाला, "टाकीच्या पाण्यासाठी पप्पूला एक फोन केला, तर ही मिशी हितंच काढीन."

मिशी बावीस वर्षांची होती. गेनूने कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला.

तीन वाजून पाच मिनिटांनी लाईट आली आणि पंप सुरू झाला. तिन्ही बादल्यांचा सोडा तळातून उठला. वीस मिनिटांत टाकीचं ताक झालं. सिद्धनाथ नळी घेऊन धावला, पण औषधाच्या बाटलीतून थेंब पडेना. ती संपली होती.

गलका ऐकून त्याची चुलती भामाबाई आली. तिने टाकीकडे बघितलं, सोड्याच्या गोणीकडे बघितलं, घरात जाऊन एक वाटी आणि चिमूटभर हळद आणली. वाटीत टाकीचं पाणी घेऊन त्यात हळद सोडली. हळद लालभडक झाली.

"कुकू झालं," भामाबाई म्हणाली.

"म्हंजी, काकी?"

"आरं, हळदीला चुना लागला की कुकू होतं. सोड्यानं बी तेच व्हतं. एवढं ठावं न्हाई आन् टाकी सांभाळतो? नवरदेव हळद लावून ह्यात उतरला, तर नवरीला येगळं कुकू घ्यायला नगं."

सिद्धनाथ कट्ट्यावर बसला. त्याचा हात आपोआप मिशीवर गेला.

"आता गं?"

"तुरटी घाल. गढूळबी बसंल आन् सोड्याचा जोरबी मोडंल."

किराणा दुकानात पाव किलो तुरटी निघाली. टाकीला ती म्हणजे म्हशीला शेंगदाणा. पाच किलोंची गोणी गावात एकाच माणसाकडे होती. गेनू भोरच्या बाजारातून वर्षाची तुरटी एकदम आणतो. चार वाजता सिद्धनाथ सलूनच्या दारात उभा राहिला.

"तुरटी पायजे, गेनू."

"किती?"

"सगळी."

गेनूने वस्तरा खाली ठेवला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने अर्धी दाढी तशीच ठेवून मान वळवली.

"ने," गेनू म्हणाला. "पण एक खडा ठिवून घेतो. मिशी काढल्यावर वठाला लावाया लागंल."

"त्याची गरज न्हाई पडायची."

"मंग ठिवतो म्हणून काय बिघडलं?"

तुरटी कुटली, बादलीत विरघळवली आणि साडेपाचला टाकीत सोडली. या वेळी सिद्धनाथने ती पायरीवरच ओतली, कारण कुटायचा दगड तिथे होता. सहाला पुन्हा लाईट गेली आणि पंप थांबला.

शनिवारी सकाळी सात वाजता टाकी निवळली होती. तळाच्या फरश्या दिसत होत्या. खोल बाजूला तळाशी पिठाच्या खळीसारखा पांढरा थर होता, पण तो खाली होता आणि लोक वर पोहतात. सिद्धनाथने पायरीवर वाकून वाटीत पाणी घेतलं, हळद सोडली. हळद पिवळीच राहिली.

"बग!" त्याने मंगलला वाटी दाखवली. "यंत्र नगं न् बिंत्र नगं."

मंगल मोबाईल घेऊन विहिरीकडे गेली. तेव्हाच त्याने समजायला हवं होतं.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी नवरदेवाला हळद लागली. मित्रांनी कानापासून घोट्यापर्यंत माखला, चौघांनी हातपाय धरले, तीनपर्यंत मोजलं आणि खोल बाजूला फेकला. तळातून पांढरा लोट वर आला. त्या लोटातून नवरदेव बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत लाल.

बँजो थांबला.

सिद्धनाथने मिशीवरचा हात काढला नाही. मग नवरदेवाची आत्या पुढे आली, भाच्याच्या दंडावर बोट फिरवलं, बोट बघितलं आणि डोळे पुसले.

"अगं बाई, हळदीचं कुंकू झालं! आमच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं."

ते खरंच होतं. बँजो दुप्पट जोरात सुरू झाला. फोटोग्राफरने नवरदेवाला पुन्हा हळद लावून आणखी दोनदा फेकायला लावलं. "डोळे चुरचुरतायत," नवरदेव म्हणाला. "लग्नात चुरचुरतातच," त्याचा मामा म्हणाला, तरी मंगलने त्याला नळाखाली नेऊन स्वच्छ पाण्याने डोळे धुवायला लावले.

अकरा चाळीसला फाटकात मोटरसायकल थांबली. पप्पू होता.

"ह्याला कुणी बोलावलं?" सिद्धनाथने विचारलं.

"म्या," मंगल म्हणाली. "सकाळीच फोन केला. मला मिशी न्हाई."

पप्पू टाकीच्या खोल बाजूला गेला, सरळ पोटावर झोपला आणि यंत्र बुडवलं. आकडा बघितला. परत बघितला. लाल नवरदेवाकडे बघितलं. मग यंत्र पुसलं.

"काय म्हणतंय तुझं पेन?" सिद्धनाथने जरा मोठ्यानेच विचारलं. आजूबाजूला पाहुणे होते. "बग म्हणावं, हाताची कला काय असती. लाल पायजे म्हणूनच लाल केलंय."

"आसं व्हय?" पप्पूने यंत्र खिशात टाकलं. "मंग तुमाला आकडा काय करायचाय? लागला तर फोन करा, दाजी."

तो जेवून गेला. मठ्ठा त्याने दोनदा मागून घेतला.

रविवारी सिद्धनाथने तळ झाडून अर्धी टाकी शेजारच्या ओढ्याकडे सोडली, विहिरीचं पाणी भरलं आणि मॅडमनी पाठवलेल्या नव्या बाटलीने चार चार तास थांबत पाणी संत्र्याच्या सालीवर आणलं. उत्तम जमलं. याआधी इतकं चांगलं कधी जमलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मॅडमचा फोन आला. नवरदेवाचा व्हिडिओ सगळीकडे गेला होता. येत्या रविवारी दुसरी हळद ठरली होती आणि नवरीकडच्यांची अट एकच होती.

"लालच पाहिजे, सिद्धनाथ. अगदी तसाच. डोळे नाही चुरचुरले पाहिजेत यावेळी. तुम्हीच केलं होतं ना ते?"

समोर मंगल कांदे चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"व्हय मॅडम," सिद्धनाथ म्हणाला. "म्याच."

सोमवारी त्याने बादलीत सोडा आणि तुरटी घालून बघितली. हळद पिवळी राहिली. मंगळवारी सोडा वाढवला. हळद विटकरी झाली आणि त्याचा हात संध्याकाळपर्यंत खाजत राहिला. बुधवारी भामाबाईने चव घेऊन सांगते म्हटलं, तेव्हा तिला दोघांनी धरून बाजूला केलं. शनिवारी पाण्यात नेमकं किती काय होतं, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. मंगलने आपण होऊन त्याला विचारलं होतं. "आकडा दाजींनाच सांगीन," तो म्हणाला होता.

बुधवारी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांपर्यंतची परिस्थिती अशी: सिद्धनाथ गेनूच्या सलूनच्या पायरीवर उभा आहे. मोबाईलवर पप्पूचं नाव काढलेलं आहे, अंगठा त्याच्या वर आहे, रेंज एक कांडी. गेनूने खुर्ची झटकली आहे, वाटीत साबण फेसला आहे आणि तुरटीचा राखून ठेवलेला खडा आरशापुढे मांडला आहे. खुर्ची अजून रिकामी आहे.