अकरा महिन्यांचं बोलणं

भिंगारच्या लष्करी वर्कशॉपमध्ये कृपादान भिंगारदिवे एकतीस वर्षं पेंटर होता. फौजी नव्हे, सिव्हिलियन. दुरुस्त होऊन आलेल्या ट्रकांना हिरवा रंग मारायचा आणि रंग वाळला की त्यावर पांढऱ्यानं नंबर घालायचे, हे त्याचं काम. बाकीचे पेंटर पत्र्याचा साचा धरून नंबर उठवत. कृपादान साच्याला हात लावत नसे. श्वास रोखायचा आणि एका दमात आकडा ओढायचा. त्याचा आठचा आकडा बघायला नवे जवान थांबत.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको दीना गेली. मुलगा रॉबिन चाकणला कंपनीत होता, सून एंजल तिथंच शाळेत शिकवायची. दोघांनी बोलावलं, पण नोकरीची चार वर्षं उरली होती, म्हणून कृपादान गेला नाही. संध्याकाळी साडेपाचला कुलूप उघडायचं, टीव्ही लावायचा आणि त्याच्याकडे पाठ करून भाजी चिरायची. घरात कुणीतरी बोलत असलं म्हणजे झालं.

रॉबिन दर रविवारी फोन करायचा.

“पप्पा, बीपीची गोळी घेतली?”

“घेतली.”

“बरं मग. ठेवू?”

“ठेव.”

त्यात रॉबिनची काही चूक नव्हती. फोनवर पुढं काय बोलावं हे कृपादानलाच सुचत नसे. दीना असताना ती बोलायची, हा शेजारी बसून ऐकायचा.

दीनाच्या स्मरणदिनी त्यानं तिचा फोटो फेसबुकवर टाकला. चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. त्यांच्याखाली कुणा भारतीनं लिहिलं होतं, ‘किती शांत चेहरा. तुम्ही आता कसे राहता?’

कसे राहता, असं त्याला तोवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानं उत्तर लिहिलं, तिचं उत्तर आलं आणि बोलणं सुरू झालं. ती इंदूरला नर्स आहे म्हणाली. नवरा नाही, मूल नाही. तिचं मराठी मोडकं होतं. ‘मी तुमच्यासाठी चिंतित आहे’ असं लिहायची. कृपादानला हसू यायचं. तो दुरुस्त करून द्यायचा, ‘तुमची काळजी वाटते, असं म्हणायचं.’ दुसऱ्या दिवशी ती ते बरोबर लिहायची. असं अकरा महिने चाललं. तिला त्यानं ‘जीव रमत नाही’ शिकवलं, ‘घास उतरत नाही’ शिकवलं.

कामाचं तिनं विचारलं तेव्हा त्यानं साफ सांगितलं, पेंटर आहे एवढंच, पुढचं सांगायचं नसतं. तेवढी अक्कल त्याला होती. मोबाईलसुद्धा गेटवरच जमा व्हायचा. मग ती म्हणाली, काम नको सांगू, तुझा हात कसा आहे तेवढं दाखव. एका रविवारी उपासनेहून आल्यावर त्यानं काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगात सात नंबर काढले आणि फोटो पाठवला. तिनं लिहिलं, ‘हे हातानं काढलं? खरंच?’ तो पुठ्ठा त्यानं महिनाभर टीव्हीवर उभा करून ठेवला होता.

गेल्या फेब्रुवारीत, जेवणाच्या सुट्टीत, सुपरवायझर मच्छिंद्र त्याच्याजवळ आला. “कृपादान, तुला ऑफिसात बोलावलंय,” एवढंच म्हणाला आणि त्याच्याकडे न बघता निघून गेला.

आत साध्या कपड्यातली दोन माणसं होती. एक मोठे साहेब, हिंदी बोलणारे. दुसरा तिशीतला, पारनेरकडचा, महेंद्र नावाचा. टेबलावर कृपादानचा मोबाईल होता आणि शेजारी कागदांचा गठ्ठा.

“बसा काका,” महेंद्र म्हणाला. “ही भारती कोण?”

“ओळखीची हाय. इंदूरची.”

“तुम्ही भेटलात तिला? आवाज ऐकलाय?”

“न्हाई. तिकडं रेंज नसती.”

महेंद्रनं साहेबांकडे बघितलं. मग हळू आवाजात सांगितलं, “काका, भारती नावाची कुणी बाई नाही. हे खातं सीमेपलीकडून चालतं. छावणीत काम करणाऱ्या माणसांना गाठतात. चार महिन्यांपासून आम्ही तुमचं सगळं वाचतोय.”

कृपादानला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. भारती नाही हे एक आणि सगळं वाचलं हे दुसरं. दोन्ही एकदम आल्यामुळं कशाला आधी धरावं हेच त्याला समजेना. तो म्हणाला, “मी कायबी सांगितलं न्हाई साहेब.”

साहेबांनी पुठ्ठ्याचा फोटो पुढं सरकवला. सात नंबर. सातही त्या आठवड्यात वर्कशॉपमधून रंगून बाहेर पडलेल्या गाड्यांचे.

“हे मनानं काढलं हुतं,” कृपादान म्हणाला. पण म्हणतानाच त्याला दिसलं की मनानं नव्हतं. हाताला जे पाठ होतं तेच हातानं काढलं होतं.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे हिंदीत समजावलं. कोणत्या गाड्या तयार होतायत हे कळलं की कोणती तुकडी हलणार याचा अंदाज बांधता येतो. तिथं जाणारी पोरं कुणाची तरी असतात. कृपादाननं मान खाली घातली. ते खरं होतं.

मग गठ्ठा वाचायला घेतला. साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून महेंद्र एकेक मेसेज मोठ्यानं वाचायचा आणि हिंदीत सांगायचा. कुठं काही खूण दडली आहे का ते बघायचं होतं. कृपादाननं एकट्यानं लिहिलेली वाक्यं त्या खोलीत दोनदा म्हटली जात होती, एकदा त्याच्या भाषेत आणि एकदा परक्या भाषेत. आज तिची साडी बोहारणीला देणार होतो, दिली नाही. आज चुकून दोघांचा चहा ठेवला. साहेब प्रत्येक वेळी मान हलवत आणि म्हणत, “आगे.”

एका पानावर महेंद्र थांबला. त्यानं ते मनातल्या मनात पुन्हा वाचलं.

“पढ़ो,” साहेब म्हणाले.

त्या पानावर दीनाची शेवटची दुपार होती. दवाखान्यात ती धापा टाकत होती. कृपादानला ते बघवेना. चहा पिऊन येतो म्हणून तो उठला आणि रस्त्यापलीकडे दुकानाच्या पायरीवर दीड तास बसून राहिला. वर गेला तेव्हा दीना गेलेली होती. तुम्हाला विचारत होत्या, असं नर्स म्हणाली. रॉबिनला त्यानं सांगितलं, माझा हात धरून गेली. पाळकांनी दफनविधीच्या वेळी ते सगळ्यांना सांगितलं. कितीतरी लोक रडले होते. खरं काय ते कृपादाननं या जगात फक्त भारतीला लिहिलं होतं.

महेंद्रनं वाचलं. हिंदीत सांगताना त्यानं ते बरंच आखूड केलं. साहेब म्हणाले, “आगे.”

चौकशी तीन दिवस चालली. दुसऱ्या दिवशी रॉबिनला चाकणहून बोलावलं, कारण सिमकार्ड त्याच्या नावावर होतं. त्याला शेजारच्या खोलीत बसवून सगळा गठ्ठा दिला. वडिलांचंच लिहिणं आहे ना, ते प्रत्येक पानावर सही करून द्यायचं होतं. बासष्ट पानं होती. दार अर्धं उघडं होतं. कृपादानला मुलाची पाठ दिसत होती आणि पानं उलटल्याचा आवाज येत होता. एका ठिकाणी तो आवाज बराच वेळ आला नाही.

संध्याकाळी रॉबिननं त्याला मोटरसायकलवरून घरी सोडलं. गाडी बंद केली नाही.

“आत ये. चहा करतो,” कृपादान म्हणाला.

“उद्या ड्युटी आहे,” रॉबिन म्हणाला आणि गाडी वळवली.

कृपादानवर गुन्हा दाखल झाला नाही. जाणूनबुजून केलं नाही, असा शेरा पडला. लेखी ताकीद मिळाली आणि गाड्यांवर नंबर घालायचं काम काढून घेतलं. आता त्याला रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावायचं काम दिलं. खाली गेरू, वर चुना. मोठा ब्रश, बादली आणि ओळीनं कडुलिंब. मच्छिंद्र सुपरवायझर होता, जुना मित्र होता, पण चहाला हाक मारायचा बंद झाला. मच्छिंद्रलाही मोबाईल होता आणि घरी दोन लेकी होत्या. कृपादानशी बोललं तर आपलंही नाव कुठं लागेल की काय, असं त्याला वाटत असणार.

रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तर फारच अवघड झालं. साध्या कपड्यातली माणसं आजूबाजूला विचारून गेली होती, तेव्हा गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. “सलाम” म्हणायचे सगळे. पण तो ज्या बाकावर बसायचा तिथं त्याच्या शेजारी जागा राहू लागली. कुणी म्हणायचं, बाईच्या नादी लागला. कुणी त्याहून वाईट म्हणायचं. दीड तासाची गोष्ट त्यांना माहीत नव्हती, हेच काय ते बरं होतं. ती आता फक्त रॉबिनला, महेंद्रला, साहेबांना आणि सीमेपलीकडच्या त्या माणसांना माहीत होती.

महिन्याभरानं त्यानं महेंद्रनं दिलेल्या नंबरवर फोन केला. वेशीजवळच्या टपरीवर दोघं भेटले.

“फोन कधी मिळंल?” कृपादाननं विचारलं.

“काका, तो पुरावा आहे आता. वरती पाठवलाय.”

“त्यात दीनाचा आवाज हाय. बाजारातून काय आणायचं ते ती बोलून पाठवायची. तेवढं काढून मिळंल का?”

“लिहून कळवतो. पण भरवसा देत नाही.” महेंद्रनं चहा तसाच ठेवला होता. “तुमच्या बाबतीत आमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तुमच्यामुळं त्याच खात्याशी बोलणारी आणखी दोन माणसं सापडली. त्यातल्या एकाला ते तुम्ही शिकवलेल्या मराठीत लिहीत होते. जीव रमत नाही, घास उतरत नाही. शब्द न शब्द तुमचा.”

कृपादान बादलीत बघावं तसा पेल्यात बघत राहिला. मग म्हणाला, “लिहिणारा कोन हुता, कळलं का?”

“एक नाही. तिघं-चौघं आळीपाळीनं लिहायचे. आम्ही वेळा आणि शब्द ताडून बघितले. सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा.”

“संध्याकाळचा बरा हुता,” कृपादान म्हणाला.

महेंद्रनं थंड झालेला चहा बाजूला सारला.

“नंतर काय आलं का त्याच्याकडून? फोन तुमच्याकडं गेल्यावर?”

“अकरा दिवस येत होतं. मग थांबलं.”

“काय लिहिलं हुतं?”

“ते मला सांगता येत नाही, काका.”

“माझ्यासाठीच हुतं ना?”

“हो. पण सांगता येत नाही.” महेंद्र उठला. जरा अडखळत म्हणाला, “मला तुमचं सगळं माहीत आहे आणि तुम्हाला माझं काहीच नाही. हे काही बरं वाटत नाही मला.” मग तो गेला.

एप्रिलमध्ये रॉबिन आणि एंजल आले. रॉबिनच्या हातात नवा मोबाईल आणि एक खोकं होतं. खोक्यात कॅमेरा होता. तो त्यानं पुढच्या खोलीत कपाटावर बसवला.

“तुमच्यासाठीच आहे, पप्पा. पडलात, चक्कर आली, तर आम्हाला तिकडं कळेल. आणि ह्या मोबाईलवर जे येईल ते माझ्या फोनवरही दिसेल. पुन्हा कुणी फसवायला नको.”

“बरं,” कृपादान म्हणाला.

एंजल चहा ठेवायला आत गेली. रॉबिन खुर्चीवर उभा राहून वायर ठोकत होता. पाठमोराच बोलला, “मला का नाही सांगितलंत?”

“काय?”

“मम्मीचं.”

कृपादाननं खुर्ची हलू नये म्हणून धरली. “तुझ्या तोंडाकडं बघून सांगता आलं नसतं,” तो म्हणाला. “तिथं तोंडच नव्हतं कुणाचं.”

रॉबिननं खिळा ठोकला. तो वाकडा गेला. काढून पुन्हा ठोकला. “मी सहा महिने रडलो नव्हतो, पप्पा. हात धरून गेली म्हणालात म्हणून. त्या एका वाक्यावर मी उभा होतो.” मग खुर्चीवरून उतरला, हात धुतले, चहा प्यायला, आणि ते दोघं उन्हं उतरायच्या आत निघाले.

कृपादान जेवण स्वयंपाकघरात, ओट्याशी उभा राहून करू लागला. तिथं कॅमेरा पोचत नव्हता. टीव्ही लावणंही सोडलं, कारण टीव्ही पुढच्या खोलीत होता. चार दिवसांनी एंजलचा फोन आला. “पप्पा, तुम्ही दिसलाच नाहीत. हे घाबरले होते.” तेव्हापासून त्यानं नेम केला. कामावरून आला की हातपाय धुवायचे, धुतलेला सदरा घालायचा आणि सहा ते साडेसहा कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसायचं. म्हणजे पोरांना काळजी नको.

पहिले काही दिवस तो नुसता बसला. मग एके संध्याकाळी बोलायला लागला. “रॉबिन,” तो कपाटाकडे बघत म्हणाला, “त्या पायरीवर मी बसलो हुतो ना, तेव्हा समोरच्या खिडक्या मोजत हुतो. तिची कंची ते बघत हुतो. उठावं वाटत हुतं, पण पाय उठत नव्हते. मी पळालो न्हाई, बाबा. मला वाटलं, मी तिथं नसलो तर ती जायची न्हाई. माझी वाट बघंल, थांबंल.” तो बोलत गेला. भारतीलाही लिहिलं नव्हतं ते त्यानं सांगितलं. कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका तसाच लागलेला होता. बोलून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं तिथंच बसून जेवण केलं.

दोन दिवस तो फोनची वाट बघत होता. फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच एंजलला लावला.

“एंजल, तो कॅमेरा हाय ना, त्यात बोललेलं तुमाला ऐकू येतं का गं?”

“नाही पप्पा,” एंजल घाईनं म्हणाली. “आवाज आम्ही पहिल्याच दिवशी बंद केला. तुमच्या घरातलं बोलणं आम्ही कशाला ऐकायचं? ह्यांनाही ते बरं वाटलं नाही. फक्त दिसतं. तुम्ही काळजी करू नका.”

“बरं केलंस,” कृपादान म्हणाला.

त्यानं फोन ठेवला. सहाला अजून दहा मिनिटं होती. त्यानं दोरीवरचा सदरा काढला, हातानं सुरकुत्या नीट केल्या आणि घालायला घेतला.