वहीत न आलेल्या माद्या

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. माझ्या डाव्या नळीवर पोचा आहे आणि गळ्यातला पट्टा म्हणजे बुटाची नाडी आहे, पण माझी तक्रार नाही. कारखान्यात माझी भिंगे घासली जात होती, तेव्हा मला वाटायचे, आपण क्रिकेटचे सामने बघणार! नशिबी आले पक्षी.

माझे मालक उकंडराव मानोऱ्याच्या जंगलात वनरक्षक होते. बारा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन ते अनसिंगजवळच्या आपल्या गावी परतले. तिथल्या गवताळ माळावर दर हिवाळ्यात भोवत्या पक्षी दूर उत्तरेकडून येतात. घारीपेक्षा सडपातळ असे हे शिकारी पक्षी दिवसभर शेतात नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतात, जमिनीवरच झोपतात. उकंडराव रोज त्यांचा आकडा वहीत लिहीत. होळीनंतर आकडा शून्य झाला, की ते गावाला कळवत. मग लोक वाळलेले गवत पेटवत, म्हणजे पावसात कोवळे फुटते. उकंडरावांच्या शब्दाशिवाय कोणी काडी ओढत नसे. तेव्हा मला केवढा मान!

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि मी खुंटीवर विसरले गेले. आत बुरशी चढली. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? शेवटी मालेगावच्या जमशेदभाई घड्याळवाल्यांनी मला उघडून पुसले. "चाचा, काच अजून जवान हाय इची," ते म्हणाले आणि मी सुखावले.

यंदा फाल्गुनात एका संध्याकाळी आम्ही माळावर गेलो. सून सरिता सोबत होती. उकंडरावांनी बराच वेळ पाहिले. राखाडी-पांढरा पक्षी एकही दिसेना. त्यांनी शून्य लिहिले आणि गावातल्या धनराजला फोन केला, "गेले सगळे. उद्या सकाळी पेटवा."

सरिताने मला सहज डोळ्यांना लावले.

"मामाजी, हे तपकिरी कोनते येऊन राह्यले? शेपटीपाशी पांढरा पट्टा हाय. अकरा बसले गवतात."

"त्या माद्या. नर पहिले निंगतात, त्या मांगून. त्याइले काय मोजाचं?"

"काहून नाई मोजाचं? सकाळी गवत जाळलं, तं संध्याकाळी त्या झोपतीन कुठी?"

उकंडरावांनी वळून गवताकडे पाहिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दर वर्षी मी त्या माद्या त्यांच्या डोळ्यांपुढे आणल्या होत्या, आणि दर वर्षी ते पांढऱ्या नराच्या शोधात मला पुढे वळवत.

त्यांनी मला मागून घेतले. अकरा मोजून त्यांनी पुन्हा फोन लावला. "धनराज, काडी ओढू नोको. चूक माही हाय."

"तुमी अन् चुकले, दादा?"

"बारा वर्सं चुकलो, बापा."

माळावरचे गवत आणखी अठरा दिवस उभे राहिले. सरिता रोज आकडा लिहू लागली: अकरा, नऊ, चार. शेवटची मादी दोन संध्याकाळी एकटीच आली. मग तीही गेली.

मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसा, पावसाळ्यात कोरड्या डब्यात ठेवा, एवढे तर मी मागणारच. पण मी जे दाखवते, ते सगळे लिहा हो. आवडते तेवढेच नको.

शेवटची मादी गेली, त्या दिवशी उकंडरावांनी जुनी वही काढली. बारा वर्षांच्या बारा शून्यांपैकी प्रत्येकाखाली त्यांनी तीच ओळ लिहिली, "माद्या होत्या. मी पाहिल्या, पण मोजल्या नाहीत." एकही पान त्यांनी सोडले नाही.