मोहटोल्याच्या चर्चचं दार

अड्याळहून कोंढ्याकडे जाताना मोहटोल्याचं चर्च लागतं. दोन हात जाड भिंती, वर कौलं, टोकाला क्रूस, सगळं कसं ठाकठीक. फक्त दार जमिनीपासून पुरुषभर उंचीवर. हो हो, वर! ज्या गवंड्यानं ते बांधलं, त्यानं जन्मभर धानाची कोठारं बांधलेली. कोठाराचं दार उंच ठेवायचं, म्हणजे घुशी शिरत नाहीत. बापड्यानं सवयीनं इथंही तेच केलं. गोरा पाद्री दौऱ्यावरून परतला, तोवर छप्पर चढलं होतं. मग काय, बाहेरून लावली शिडी! आत उतरायला ओटा आणि रुंद पायऱ्या गवंड्यानं आधीच केल्या होत्या. तेव्हापासून नवरी शिडीनं चढते, फादर झगा सावरत चढतात, आणि शवपेटी चढवताना गावाचा जीव टांगणीला लागतो.

चर्च कमिटीचे अध्यक्ष श्यामराव यांना या दाराचा कोण अभिमान! कोणी पाहायला आलं की ते सुरू व्हायचे, "स्वर्ग वर असते न जी? तिथं सरळ चालत जाता येते का? आमच्या पूर्वजांनी विचार करून दार वर ठेवलं. हेरिटेज हाय हे!" गवंड्याची गोष्ट त्यांना आजोबांनी सांगितली होती, गावालाही ठाऊक होती. पण श्यामरावांसमोर ती काढायची कोणाची टाप नव्हती.

अडचण एकच, त्यांची बायको रंभाबाई. गुडघे गेल्यापासून तिला शिडी चढवत नव्हती. दर रविवारी ती दाराखाली खुर्ची टाकून बसायची.

"खाली एक दार पाडा न जी," ती म्हणायची. "मले मरायच्या आधी आत बसाचं हाय."

"हेरिटेजले हात लावता येत नाही," श्यामराव म्हणायचे. विषय संपला.

नाताळच्या सकाळी रंभाबाईनं अंकुशला गाठलं. अंकुश राइस मिलमध्ये पोती चढवणारा गडी. गवंड्यानं सवयीनं दाराच्या वर पोती ओढायचा आकडाही ठोकून ठेवला होता! अंकुशनं त्यात कप्पी अडकवली, खुर्ची बांधली, आणि नवं लुगडं नेसलेली रंभाबाई अख्ख्या गावादेखत वर गेली आणि पायऱ्या उतरून आत बसली. मिस्साची प्रार्थना झाली, केक वाटून झाला, लोक उतरले.

"चला काकू, उतरवतो," अंकुश खालून म्हणाला.

"मी नाही उतरत. दार पाडा, मंग चालत येईन."

श्यामराव तणतणत शिडी चढले. शेवटच्या पायरीवर गुडघ्यात अशी कळ आली, की ते आतल्या ओट्यावर पडलेच. आता शिडीनं उतरायचं नावच नको. अंकुशनं पुन्हा खुर्ची ओढली, तर जुना आकडा भिंतीतून निखळून खुर्चीसकट धाडकन खाली! नवरा-बायको आत, खुर्ची बाहेर.

"पाडा रे भिंत!" श्यामराव दारातून ओरडले.

"हेरिटेज हाय न जी?" खालून कमिटीचा सोमाजी म्हणाला. "मीटिंग घ्यावी लागल."

"अन् स्वर्गातून उतरायची एवढी कायची घाई?" दुसरं कोणीतरी म्हणालं. गाव पोट धरून हसलं.

श्यामराव चडफडत वळले आणि भिंत धरत पायऱ्या उतरले. रंभाबाईनं सरकून बाकावर जागा केली. किती वर्षांनी ते तिच्या शेजारी बसत होते! पाहतात तर तिचे डोळे भरलेले.

"काहून रडून राहिलीस?"

"इथून मिस्सा सारी ऐकू येते जी. बाहेर अर्धीच यायची."

श्यामरावांना एकदम लाज वाटली, अगदी कानापर्यंत. ते उठले, भिंत धरत पुन्हा पायऱ्या चढले आणि दारात उभे राहिले.

"गवंडी चुकला होता रे!" ते ओरडले. "अन् मी त्याच्याहून मोठा गधा! मीटिंग-फिटिंग राहू द्या. हाणा सब्बल!"

खाली कोणी हसलं नाही. अंकुशनं पहारीचा पहिला घाव घातला. उन्हं कलली, तेव्हा भिंतीत माणूस जाईल एवढं भगदाड झालं होतं.

रंभाबाई पदर खोचून बाहेर गेली. वळून पुन्हा आत आली. पुन्हा बाहेर, पुन्हा आत.

"आता घरी चल न वं," श्यामराव म्हणाले.

"थांबा जी," ती म्हणाली, आणि परत आत गेली.