नळीतली साखर

सकाळी आठच्या ठोक्याला पत्र्याच्या त्या जुन्या गोदामाबाहेर दीडशे माणसं उभी असायची. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी आणि एका बाहीची घडी वर केलेली. आत लांब टेबल, टेबलावर लाल टोपणाच्या नळ्यांची रांग आणि समोर उंच खुर्चीत नजरबाबा. बाबा काहीच करायचे नाहीत. नुसते बघायचे.

"रक्त अंगातून निघालं तरी अंगाशी त्याचं नातं तुटत नाही," ते संथ आवाजात सांगायचे. "नळीतली साखर मी नजरेनं उतरवतो. अंगातली तिच्यामागोमाग उतरते. तुम्ही फक्त इन्सुलिन सोडा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

संध्याकाळी सहाला निकाल वाचला जायचा. सकाळी दोनशे नव्वद, संध्याकाळी एकशे साठ. सकाळी दोनशे बेचाळीस, संध्याकाळी एकशे अकरा. माणसं रडायची, एकमेकांना मिठ्या मारायची. शंका काढणाऱ्याला बाबांचे लोक कागद दाखवायचे. त्यावर लॅबचा शिक्का असायचा आणि खाली सही.

ती सही माझी होती.

गोदामासमोरच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं रक्त तपासत होते. सकाळची नळी यायची, मी तपासायचे. संध्याकाळची यायची, तीही तपासायचे. आकडे खरे होते. दोन्ही वेळा यंत्रानं जे दाखवलं तेच मी लिहिलं. नळीवरच्या चिठ्ठीत 'वेळ : सायंकाळी पाच' असायचं, आणि मी ते डोळे झाकून मानलं. औषधं, पथ्य, उपाशीपोटी बसणं, काहीतरी कारण असेल म्हणून सोडून दिलं. पाच आठवडे.

सहाव्या आठवड्यात कळलं की माझा मोठा भाऊही त्या रांगेत आहे.

दादा घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस, ऐकीव गोष्टीवर कधी न भुलणारा. अकरा वर्षं रोज दोनदा पोटात सुई टोचून घेत होता. मी घरी गेले तेव्हा तो तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत होता. गालफडं बसली होती. पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं.

"इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

"नऊ दिवस झाले."

"दादा, वेड लागलंय का तुला?"

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "मी बाबाला मानत नाही, छोटी. मी तुला मानतो. ही सही तुझीच आहे ना?"

मी पिशवीतून साखर मोजायचं छोटं यंत्र काढलं. "बोटातून एक थेंब दे," मी म्हणाले, "आत्ता बघू किती आहे ते."

"बाबांचा नेम चाळीस दिवसांचा आहे. मधे दुसऱ्या कुणी सुई टोचली की ते दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. संध्याकाळीसुद्धा ते टोचत नाहीत. तीच तर गंमत आहे. सकाळी एकदाच टोचतात, दोन नळ्या भरतात. एक लगेच तुमच्याकडे, दुसरी बाबांच्या नजरेखाली."

संध्याकाळच्या नळ्या कोमट का लागायच्या आणि रक्त गोठून वरचं पाणी गुलाबी का दिसायचं, ते एका क्षणात कळलं. आणि मी कशात अडकले आहे तेही.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या मालक डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "आपण खोटा आकडा दिला का? नाही. मग नळी कुठं ठेवली होती हा त्यांचा प्रश्न." चष्मा परत डोळ्यांवर चढवत म्हणाले, "तुम्ही सही करणार नसाल तर दुसरं कोणीतरी करेल." म्हणजे मी काम सोडून गेले तर दादा दुसऱ्या कुणाच्या सहीवर तिथंच राहणार, आणि राहिले तर माझ्याच सहीनं मरणार. घरी दादाला समजावलं, तो म्हणाला, "काल खरं लिहिलंस की आज खरं बोलतेस, ते आधी ठरव." ज्या दारावर धडका मारत होते, त्याची कडी मीच लावली होती.

मग वाटलं, आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्याला आकडाच दाखवावा.

शनिवारी मी दादाबरोबर गोदामात गेले आणि हात जोडून उभी राहिले. "बाबा, आज माझ्या भावाच्या चार नळ्या घ्या. एक लगेच लॅबला जाईल, आज तिथं माझ्याऐवजी दुसरं कोणी तपासेल. एक तुमच्यासमोर राहील. एक त्या लोखंडी कपाटात, किल्ली भावाकडे. आणि ही करड्या टोपणाची, तीही तुमच्यासमोर."

बाबांच्या शेजारी रक्त काढणारा त्यांचा माणूस होता. तो पूर्वी कुठल्यातरी लॅबमध्ये कामाला होता म्हणे. करडं टोपण बघून त्याचा चेहरा उतरला. "करड्यात विष असतं," तो म्हणाला, "कृपा मरते."

"रक्ताचं नातं तुटत नाही म्हणता, मग टोपणानं कसं तुटेल?" रांगेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बोलल्या. "होऊन जाऊ द्या. आमचाही विश्वास पक्का होईल."

दीडशे माणसांसमोर बाबांना नाही म्हणता येईना. दारं लावली गेली. तिथला नियमच होता, पाचपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही. पत्रा तापत गेला. पंखा गरम हवा ढवळत होता. दादा भिंतीला टेकून धापा टाकत होता, मी त्याच्या ओठांना पाणी लावत होते आणि घड्याळाकडे बघत होते. माझा हिशेब चुकला तर हा माणूस पुन्हा कधीच सुई घेणार नव्हता. नऊ तासांत दोनदा वाटलं, दार फोडून त्याला उचलून न्यावं. त्याला विचारलंही. "आता निकाल बघूनच," तो म्हणाला.

पाच वाजता मुख्याध्यापिकाबाई स्वतः नळ्या घेऊन माझ्याबरोबर लॅबमध्ये आल्या, यंत्रासमोर उभ्या राहिल्या आणि आकडे त्यांनीच कागदावर उतरवले. परत येऊन त्यांनी तो कागद दादाच्या हातात दिला. त्यानं मोठ्यानं वाचलं.

"सकाळी, तीनशे अठरा. बाबांच्या नजरेखाली, एकशे शहात्तर." टाळ्या पडल्या. "कपाटात, एकशे एकाहत्तर." टाळ्या विरल्या. "करडं टोपण, बाबांच्या नजरेखाली, तीनशे नऊ."

दादानं कागद खाली ठेवला. "म्हणजे कपाटाची कृपा बाबांपेक्षा पाचानं जास्त," तो म्हणाला, आणि बोट पुढं केलं. "टोच."

मी टोचलं. त्याच्या अंगातली साखर त्या क्षणी तीनशे बावन्न होती.

मग मी लोकांना सांगितलं. रक्तातल्या पेशी नळीत गेल्यावरही काही तास जिवंत असतात. जिवंत म्हणजे त्यांना खायला लागतं, आणि समोर असते ती साखर. नळी जितका वेळ पडून राहील, जितकी तापेल, तितकी साखर त्या फस्त करतात. कोणी बघो न बघो. करड्या टोपणाच्या नळीत असा क्षार असतो की पेशींचं हे खाणं थांबतं, म्हणून तिथला आकडा फारसा हलला नाही. नळीतली साखर नळीतच संपते. अंगातली अंगातच राहते आणि डोळे, मूत्रपिंड, पाय पोखरत जाते.

बाबा ध्यानात गेले होते. काही जण मला शिव्या देत निघून गेले. बरेच जण हातातल्या जुन्या कागदांकडे बघत उभे राहिले. तिथूनच दादाला मी रुग्णालयात नेलं. तो वाचला, अंगठा गेला. बाबांनी आठवड्याभरात मुक्काम हलवला आणि डॉक्टरांनी मला कामावरून काढलं.

निघताना मी माझ्या सहीच्या सगळ्या कागदांवरची नावं उतरवून घेतली. दोनशे सहा. महिनाभर दारोदार फिरून सांगितलं, इन्सुलिन सुरू करा, चूक माझी आहे. चौदा जणांनी दार उघडलं नाही. एका घरी उघडलं, पण मला पाच दिवस उशीर झाला होता; तिथल्या बाई गेल्या होत्या. त्या बाईंच्या मुलानं माझ्या सहीचा कागद जपून ठेवला होता. त्यानं तो माझ्यासमोर धरला.

म्हणून सांगते. आकडा खरा असला म्हणून गोष्ट खरी होत नाही. रक्ताचा कागद हातात आला की आधी विचारा : हे रक्त कधी काढलं, कशात ठेवलं, किती वेळानं तपासलं. बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा, माझ्यासारख्या सही करणारीला तर नक्की विचारा. आणि ज्याला या प्रश्नाचा राग येईल, त्याच्या सांगण्यावरून औषध सोडू नका.