ओढणीवरचा माईक

मी यशोधराचा कॉलर माईक बोलतोय. शेवगावच्या एका गॅदरिंगमध्ये मला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. यशोधराने विनोद सांगितला, मांडव हसला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, मी नेहमीसारखा दचकलो. पण तिची छाती दचकली नाही. भिंतीवरच्या घड्याळासारखी चालत राहिली. मला वाटलं, माझीच वायर सैल झाली असेल.

मी बोटाच्या पेराएवढा. डोक्यावर स्पंजची टोपी. चितळे रोडवरच्या दुकानात मोबाईलच्या कव्हरांशेजारी लटकत होतो, तिथून तिने मला घेतलं. तेव्हा ती कॉलेजात होती आणि नगरच्या एका कॅफेत रविवारी स्टँडअप करायची. माझी जागा ओढणीवर, छातीपाशी. लोकांना तिचे विनोद ऐकू जातात, मला त्याआधीची धडधड. पहिल्या वाक्याआधी ती अशी उधळायची, की मलाच पळून जावंसं वाटे.

तिची एक रीत होती. नवा विनोद आधी फोनवरून आईला. आई म्हणजे भामाबाई, नागापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला, कायम रात्रपाळी. आई नाकातून फुसकन हसली की विनोद पक्का. "न्हाई गं, ह्याच्यात दम न्हाई," म्हणाली की तो तिथेच संपला.

एकच विनोद तिने आईला ऐकवला नाही, कारण तो आईवरच होता. "माझी आई आरशासमोर इंग्रजी शिकते. संध्याकाळी सातला कामावर जाते आणि साहेबाला म्हणते, गुड मॉर्निंग."

नेमकी त्याचीच क्लिप फिरली. पुण्या-मुंबईची बोलावणी आली. आणि ती क्लिप कंपनीच्या बसमध्येही वाजली.

"बायका रोज चिडवत्यात मावशीला," मैत्रीण वृषालीने सांगितलं. तिची आई रंगुबाई त्याच बसला असते. "पायरी चढली की सुरू. काय भामाबाई, गुड मॉर्निंग."

"आई काय म्हणते?"

"खिडकीकडं तोंड करून बसती."

तेव्हापासून भामाबाई तिचा फोन उचलत नाहीत. ती घरी गेली तेव्हा मी पर्समध्ये होतो. नुसती भांडी ऐकू आली. ताट वाढलं, डबा भरला, दार लागलं.

यशोधरा रडली नाही. शो वाढले. लोक हसले की ती थांबते, हसू ओसरलं की पुढे जाते. सेल्फीला हसते. शेवगावपासून आत काही हलत नाही. मी कान लावून असतो.

आज नगरला संध्याकाळचा शो होता, रात्रपाळीची बस निघते त्याच वेळेचा. लोकांनी तोच विनोद ओरडून मागितला.

"तो आता सांगत नाही," ती म्हणाली.

"त्याच्यासाठीच आलो हुतो की, ताई."

"मग चहा पिऊन जा. तो बंद झाला."

विंगेत आल्यावर वृषालीने हातातला मोबाईल दाखवला. "शो चालू असताना माझ्या आईला फोन लावून ठेवला हुता. सगळ्या बसनं ऐकलं. मावशीनं पण."

यशोधराने आईला फोन लावला, स्पीकरवर. मला काढायचं ती विसरली होती. माझा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे बॅटरी संपत आलेली. रिंग वाजत राहिली. एवढ्यात बंद पाडू नका मला, एवढं ऐकू द्या.

रिंग थांबली. बसची घरघर आली, बायकांचा गलका आला.

"गुड मॉर्निंग," भामाबाई म्हणाल्या.

रागाने की हसून, ते मला कळलं नाही. मला फक्त छातीतलं कळतं. तिथे कितीतरी दिवसांनी धाडकन काही झालं, आणि मी दचकलो.