ताईच्या दारातला भराव

"आता कुणी हलू नका," ठोक्यानं गल्लीला बजावलं आणि जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी पाटीवर घण घातला.

सर्वेक्षणाच्या टोळीत त्याला सगळे ठोक्याच म्हणत. सव्वीस वर्षं त्याचं काम एकच, घण मारायचा. घाव बसला की जमिनीच्या अंगावरून लाट निघे, रांगेनं खोचलेली यंत्रं ती टिपत आणि टोळीच्या प्रमुख मॅडम तिचा वेग काढत. जमीन घट्ट असली की लाट पळते, भुसभुशीत असली की रखडते, आणि जिथं रखडते तिथंच भूकंपात घरं जास्त हलतात. एवढं शास्त्र ऐकून ऐकून त्याला पाठ झालं होतं. त्याचं मत मात्र कुणी कधी विचारलं नाही, आणि त्याचं त्याला वाईटही वाटलं नाही. दोन वेळचं जेवण आणि पडल्या पडल्या झोप, यात खूश असलेला गडी तो.

आज रांग थोरल्या बहिणीच्या दारातून गेली होती. मुलाच्या लग्नाआधी ताईला घरावर मजला चढवायचा होता, गवंडी उद्याच येणार होता. आणि इथली जमीन घणाला उसळूच देईना. मॅडम म्हणाल्या, जुनं डबकं बुजवलेलं दिसतंय, पंधरा फूट नुसता भराव आहे. पक्का अहवाल यायला पंधरा दिवस लागणार होते.

ताईपुढे तोंड उघडायची ठोक्याची जन्मात छाती झाली नव्हती. तरी तो गेला.

"ताई, मजला नको चढवूस. खालची जमीन कच्ची आहे. भूकंप झाला तर वरचं ओझं झेपायचं नाही."

ताई भडकली. घण मारणाऱ्याला अक्कल कधीपासून आली, आता पोराला काय तोंड दाखवू, सगळं बोलून झालं. तो खाली मान घालून उभा राहिला, पण हटला नाही.

"तुझं घर असतं तर चढवला असतास?" तिनं शेवटी विचारलं.

"नसता."

ताईनं गवंड्याला फोन लावला. उद्या येऊ नका म्हणाली. त्यानं कारण विचारलं असावं.

"माझा भाऊ नको म्हणतोय. त्याला त्यातलं कळतं."

ठोक्याला भरून आलं.

संध्याकाळी दोघांनी मिळून ताईचा पलंग आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणला. मजला नाही, तेव्हा आतली खोली आता येणाऱ्या सुनेची. पलंग भिंतीला लागेना, म्हणून दाराशी आडवा टाकला. ताई त्यावर टेकली, पदरानं घाम पुसला.

"वारा बरा येतो रे इथं," ती म्हणाली.